पाठ आधी, पुढचा दिवा शेवटी: दुचाकी उठून दिसावी म्हणून मिळणाऱ्या वस्तूंची पारख

सांगलीत ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात जाऊन 'गाडी लांबून दिसली पाहिजे' एवढंच सांगितलं, तर काउंटरवर पहिली येते ती एलईडी दिव्यांची जोडी. मग लुकलुकणारा ब्रेकलाइट, मग रंगीबेरंगी पट्ट्या. चांगली रिफ्लेक्टिव्ह टेप सगळ्यात शेवटी निघते, तीही नाव घेऊन मागितली तर. आमच्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. पैसे मोजकेच असतील तर ते आधी गाडीच्या पाठीवर, मग दोन्ही बाजूंवर आणि उरले तर समोर खर्च करा.

समोरून दिसणं बिनमहत्त्वाचं आहे असं नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांना अपघाताचा धोका २७ टक्क्यांनी कमी आढळला होता. पण ते काम आपल्याकडे कायद्यानेच करून टाकलं आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद होत नाही. मागच्या बाजूला मात्र आजही साध्या गाडीवर ५ वॉटची टेललाइट आणि काडेपेटीएवढा लाल रिफ्लेक्टर एवढाच संसार आहे. आपल्या भागात तोही झाकला जातो. पहाटे दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकतात, संध्याकाळी वैरणीचा किंवा उसाच्या वाढ्यांचा भारा मागच्या चाकापर्यंत लोंबतो, आडवं बसलेल्या बाईच्या साडीचा पदर टेललाइटवर येतो, आणि पावसाळ्यात सांगली–पेठ रस्त्यावरून वीस किलोमीटर गेलं की चिखलाचा थर नंबरप्लेटसकट सगळं एकाच रंगाचं करून टाकतो.

मागून येणाऱ्याचा हिशेब बघा. डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावर, चालवणाऱ्या मोटारीला गडद रंगाची, दिवा नसलेली वस्तू साधारण ४०-५० मीटरवर दिसू लागते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर थांबायला पुढे आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ६८. म्हणजे ब्रेक कितीही चांगले असले तरी तो थांबू शकत नाही. त्याला तुम्ही शंभर-दीडशे मीटरवरूनच कळायला हवेत, आणि त्याच्या डिपरच्या उजेडात हे काम सगळ्यात स्वस्तात करणारी वस्तू म्हणजे टेप.

टेप: 'रेडियम' मागू नका

आपल्याकडे गाडीवर चिकटवायच्या सगळ्याच चमकदार कागदाला रेडियम म्हणतात, आणि इथेच पहिली फसगत होते. रेडियमवाल्याकडच्या रोलपैकी बहुतेक साधं रंगीत व्हिनाइल असतं. ते दिवसा छान दिसतं, रात्री काही करत नाही. अंधारात हिरवट चमकणारा दुसरा प्रकारही मिळतो. तो उजेड साठवून मंदपणे सोडतो. खोलीतल्या स्विचसाठी तो ठीक, पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवी ती टेप पडलेला उजेड जिथून आला त्याच दिशेला परत पाठवते. म्हणजे मोटारीच्या हेडलाइटचा उजेड त्याच मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांकडे येतो. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, फ्यूज उडत नाही.

तिच्यातही दोन जाती आहेत. एकीत काचेचे बारीक मणी असतात, दुसरीत सूक्ष्म प्रिझम. मण्यांची टेप मऊ असते, गोल पाइपवर गुंडाळता येते, स्वस्त पडते, पण उजेड कमी परत करते. जिचे मणी उघडे असतात अशी टेप किंवा कापडी पट्टी ओली झाली की जवळजवळ विझते, कारण मण्यांवर पाण्याचा थर चढला की प्रकाश हवा तसा वळत नाही. प्रिझमची टेप जाड आणि ताठ असते, पण कितीतरी जास्त उजळ, आणि वरचा थर बंद असल्याने पावसातही काम करते. ट्रक आणि ट्रॉल्यांच्या मागे लावतात ती हीच, ५० मिलिमीटर रुंदीची. थ्री एमची डायमंड ग्रेड ९८३ ही त्यातली सहज मिळणारी. एव्हरी डेनिसन आणि ओराफोलच्याही टेप चांगल्या आहेत. खरेदी करताना टेपवरच छापलेला एआयएस ०९० (वाहनांवरच्या अशा टेपचं भारतीय मानक) किंवा गोलातल्या 'ई' अक्षराबरोबरचा १०४ आर हा शिक्का बघा. दुचाकीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानापेक्षा ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानात ही टेप मीटरवर मिळण्याची शक्यता जास्त. एका गाडीला दीड मीटर पुरते: लाल अर्धा मीटर, पिवळी एक मीटर. रंगांचा संकेत ठरलेला आहे. मागे लाल, बाजूला पिवळा, समोर पांढरा. मागे पांढरी पट्टी लावू नका. लाल पट्टी पांढरीच्या मानाने बरीच कमी उजळते, म्हणून मागे पट्टीचं क्षेत्रफळ वाढवायचं, रंग बदलायचा नाही.

नकली टेपवर खऱ्यासारखेच चौकोन किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखे खाने नुसते छापलेले असतात. दुकानातच पारख करता येते. तुकडा काउंटरच्या टोकाला ठेवा, जमेल तेवढं लांब जा, मोबाइलची टॉर्च कानशिलाला लावून त्यावर मारा. टॉर्च डोळ्याजवळच हवी; हात लांब करून मारलीत तर खरी टेपही मंद वाटेल, कारण परतीचा उजेड टॉर्चकडे जातो, तुमच्याकडे नाही. खरी टेप दिवा लागल्यासारखी पेटते. मग तिच्यावर पाणी शिंपडून तीच चाचणी पुन्हा करा.

लावायची जागा हा या वस्तूचा खरा जीव आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. डिपरचा झोत खाली झुकलेला असतो, त्यामुळे जमिनीपासून साधारण ४० ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात त्याचा उजेड सगळ्यात जास्त पडतो. हेल्मेटवरच्या स्टिकरला लांबून तेवढा उजेड मिळत नाही. दुसरं, टेपचं तोंड मागच्या चालकाकडे हवं. आजकालच्या गाड्यांचा मागचा पॅनल आकाशाकडे कललेला असतो. त्यावर लावलेली पट्टी फोटोत देखणी दिसते, पण रस्त्यावर निम्मी वाया जाते. मागच्या मडगार्डचा उभा भाग आणि कॅरिअरची मागची पट्टी या योग्य जागा. नंबरप्लेटवर मात्र काहीही चिकटवायचं नाही. हाय सिक्युरिटी प्लेट स्वतःच उजेड परत करते, तिला फक्त पुसून ठेवा.

मागे नुसती मधोमध एक पट्टी लावण्यापेक्षा शक्य तेवढ्या अंतरावर डावी-उजवीकडे १०-१० सेंटिमीटरचे दोन उभे तुकडे लावा. एकच ठिपका दिसला की मागच्याला अंतर उमगत नाही. दोन ठिपके असले की जवळ येताना त्यांच्यातलं अंतर वाढत जातं, आणि 'पुढची गाडी झपाट्याने जवळ येतेय' हे त्याला त्यावरून कळतं. बाजूसाठी डावीकडचं साडी गार्ड ही आयती जागा. त्याच्या सपाट पट्टीवर २० सेंटिमीटर पिवळी टेप बसते. उजवीकडे सायलेन्सर असतो, तो तापतो, त्यावर काही टिकत नाही. तिथे मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्या स्विंगआर्मवर लावा, पण चेनला मारलेल्या ग्रीसचा फवारा येत नाही ना ते बघून. पुढच्या शॉकअपच्या खालच्या नळीवर दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर. शेतातल्या रस्त्यावरून सडकेवर येताना किंवा फाट्यावर आडवं वळताना हे तुकडे कामाला येतात, कारण तेव्हा समोरच्याला तुमचा हेडलाइटही दिसत नसतो आणि टेललाइटही. चाकाच्या रिमला लावायच्या ७-८ मिलिमीटरच्या गोल पट्ट्या मिळतात, त्या फॅशनच्या म्हणून हिणवल्या जातात. आम्हाला त्या आवडतात. बाजूने उजेड पडला की दोन फिरती वर्तुळं दिसतात आणि ही दुचाकीच आहे हे दुसऱ्या कशानेही एवढं झटकन कळत नाही.

चिकटवताना घाई केलीत तर महिन्याभरात कडा उचलतात. आधी साबणाने धुवा, वाळवा, मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. पेट्रोलने पुसलं की तेलकट थर राहतो. तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा पहिल्यांदा उचलला जातो. मधून सुरुवात करून अंगठ्याने बाहेरच्या दिशेला जोर लावत जा. पुढचे २४ तास गाडी धुवायची नाही. दुहेरी वळणाच्या पृष्ठभागावर प्रिझमची लांब पट्टी ताणून बसवू नका, ती परत सरळ व्हायला बघते. ५-५ सेंटिमीटरचे तुकडे थोडी फट ठेवून लावा. खरबरीत काळ्या प्लास्टिकच्या मडगार्डवर टेप मुळात नीट धरत नाही, तिथे चिकटपणा वाढवणारा प्रायमर लागतो किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टेप लावून तो पत्रा बोल्टने कसायचा. दुसरा उपाय जास्त टिकतो. ५० मिलिमीटरची टेप उभी चिरून अरुंद केली तर कापलेल्या कडेच्या खान्यांत पाणी शिरून ती कड काळी पडू शकते, म्हणून अरुंद जागेसाठी अरुंदच टेप घ्या. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा टेपच्या कडेवर जवळून मारू नका म्हणून सांगा.

दुधाच्या कॅनला टेप थेट चिकटवून उपयोग नाही. रोजच्या गरम पाण्याने आणि सोड्याने ती सुटते. त्याऐवजी ५० मिलिमीटरच्या नायलॉन पट्ट्यावर रिफ्लेक्टिव्ह कापडी पट्टी शिवून बकलचा पट्टा करून घ्या, कॅन भरला की त्याच्या पोटावर आवळायचा. चप्पल-बॅगा शिवणारा कारागीर हे काम सहज करतो. असाच लांब पट्टा वाढ्यांच्या भाऱ्यासाठी करा आणि दोरी आवळून झाल्यावर सगळ्यात शेवटी, सगळ्यात बाहेरून बांधा. एक लक्षात ठेवा: कापडी पट्टी उघड्या मण्यांची असते, दव पडलेल्या पहाटे ती ओली असते. निघताना हाताने नव्हे, कोरड्या फडक्याने पुसायची.

जॅकेट: रंग आणि पट्टी ही दोन वेगळी कामं

ऑकलंडच्याच अभ्यासात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांना धोका ३७ टक्क्यांनी कमी आणि पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळ्या हेल्मेटच्या मानाने २४ टक्क्यांनी कमी आढळला. पांढऱ्या हेल्मेटला काळ्याएवढेच पैसे पडतात, त्यामुळे त्यावर आणखी काही लिहायची गरज नाही. आयएसआय शिक्का बघा आणि पांढरं घ्या.

जॅकेटचा भडक फ्लुरोसंट रंग दिवसाचं काम करतो, रुपेरी पट्टी रात्रीचं. फ्लुरोसंट रंग सूर्याच्या अतिनील किरणांचं दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि दिवेलागणीला तो आजूबाजूपेक्षा उजळ भासतो. रात्री दिव्याखाली तो निव्वळ फिका रंग उरतो. आता रंग कोणता? सगळीकडे पोपटी-पिवळा मिळतो. पण आपल्याकडे आषाढापासून थेट तोडणीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस असतो, आणि हिरव्या उसापुढे पोपटी रंग त्यातच मिसळतो. कृष्णाकाठच्या रस्त्यांना भगवट-नारिंगी जास्त उठून दिसतो. जत, कवठेमहांकाळकडच्या मातकट माळावर मात्र पोपटी-पिवळाच सरस. रंगाची ताकद पार्श्वभूमीशी असलेल्या फरकात आहे.

शंभर-दीडशे रुपयांचं जाळीचं जॅकेट आणि उठून दिसणाऱ्या कपड्यांच्या आयएसओ २०४७१ या मानकाचा शिक्का असलेलं जॅकेट यांत फरक पट्टीचा आहे. स्वस्तातल्या पट्टीवर बहुतेकदा नुसता चकचकीत प्लास्टिकचा थर असतो, टॉर्चच्या चाचणीत ते लगेच उघडं पडतं. जी थोडीफार उजळते तीही चार-पाच धुण्यांत चिरते. शिक्क्याच्या जॅकेटवर पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद असते आणि किती धुण्यांपर्यंत टिकेल ते लेबलवर लिहिलेलं असतं. धुताना थंड पाणी वापरा. ब्लीच नको, इस्त्री नको. उन्हात सहा-आठ महिने रोज वापरून रंग उडून फिका पडला की दिवसाच्या कामापुरतं ते जॅकेट संपलं, मग शिवण कितीही मजबूत असो.

अंगात सैल जॅकेट घेऊ नका. ताशी ६० च्या पुढे ते फडफडतं, पाठीवर फुगून पट्टी मुडपते. बाजूला इलॅस्टिक आणि पुढे चेन असलेलं घ्या. नुसतं वेल्क्रो वर्षभरात धरेनासं होतं. पाठीला सॅक असेल तर जॅकेटची मागची पट्टी झाकली गेली, मागे माणूस बसला तरी तेच. मग पट्टी सॅकवर हवी, किंवा जॅकेट मागे बसणाऱ्याला द्यायचं. पावसाळ्यात जॅकेट रेनकोटच्या आत घातलेलं रस्तोरस्ती दिसतं, त्याने काहीच साधत नाही. रेनकोटवर पट्टी शिवली की सुईच्या भोकांतून पाणी आत येतं, इस्त्रीने चिकटवायला गेलं तर कोट वितळतो; जॅकेट एक माप मोठं घेऊन ते रेनकोटवरून घालणं हाच सरळ मार्ग.

आणखी एक, पुष्कळांना सुचत नाही असं. घोट्याला बांधायच्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या पायी फिरणाऱ्यांसाठी विकतात, त्या दुचाकीवरही उपयोगी आहेत. माणसाच्या हलत्या सांध्यांवरचे ठिपके डोळ्याला 'माणूस' म्हणून चटकन ओळखू येतात. सिग्नलला किंवा फाट्यावर पाय टेकवताना त्या हलतात, आणि त्या असतातही डिपरच्या उजेडाच्या उंचीवर.

टेललाइट आणि ब्रेक: आधी फुकटातली दुरुस्ती

नवा बल्ब घेण्याआधी रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा आणि ब्रेक हळूहळू दाबत भिंतीवर बघा. पायाचा ब्रेक निम्मा दाबल्यावर लाइट लागत असेल तर ब्रेक स्विचचा नट फिरवून तो वर घ्या. पॅडलचा मोकळा खेळ संपायच्या आत लाइट लागली पाहिजे. मग पुढचा ब्रेक स्वतंत्र तपासा. पुढच्या लिव्हरचा छोटा स्विच धूळ-पाण्याने बंद पडतो आणि पायाच्या ब्रेकला लाइट लागत असल्याने कित्येक महिने कळतही नाही. गिअर कमी करून वेग मारायची सवय असेल तर लक्षात घ्या, त्यात ब्रेकलाइट लागत नाही. अशा वेळी लिव्हरला नुसता दोनदा हात लावा.

बल्बच्या जागी बसणारा एलईडी घेताना तीन गोष्टी. पहिली, लाल काचेमागे लालच एलईडी. पांढऱ्या एलईडीचा उजेड लाल काच बराचसा अडवते आणि उरतो तो गुलाबीसर दिसतो. दुसरी आणि मोठी, टेल आणि ब्रेक यांच्या उजेडातला फरक. मूळ बल्ब बहुतेक गाड्यांत ५ आणि २१ वॉटचा असतो, म्हणजे ब्रेक दाबला की चौपटीहून जास्त ताकद. स्वस्त एलईडीत टेलच इतकी भडक असते की ब्रेक दाबलेला कळतच नाही. दुकानात दोन्ही अवस्था एकामागून एक लावून दाखवायला सांगा. फरक डोळ्यात भरला नाही तर तो बल्ब फुकट दिला तरी घेऊ नका. तिसरी, नंबरप्लेटवर खाली पांढरा उजेड टाकणारी खिडकी टेललाइटच्या घरात असते, लाल एलईडी टाकला की ती लाल होते. तुमच्या गाडीत तशी खिडकी असेल तर खाली तोंड करून दोन-तीन पांढरे एलईडी असलेला बल्ब मागा.

हे सगळं जमलं तर एलईडीचा एक खरा फायदा मिळतो. तार तापून उजेड द्यायला साध्या बल्बला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, एलईडीला जवळजवळ काहीच नाही. ताशी ८० ला तेवढ्या वेळात मागची मोटार साडेचार मीटर येते, म्हणजे चार मीटरच्या छोट्या मोटारीच्या लांबीपेक्षा जास्त.

इंडिकेटरला एलईडी टाकलेत तर ते भराभर लुकलुकायला लागतात, कारण जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) १० वॉटच्या बल्बच्या करंटवर चालतो आणि करंट कमी झाला की बल्ब गेला असं समजतो. दुकानदार रेझिस्टर लावून देतो. तो तापतो आणि वायरिंग जाळू शकतो. जुन्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवून घ्या, हाच उपाय.

ब्रेक दाबला की लुकलुकणारे मॉड्यूल? सुरुवातीला तीन-चार वेळा चमकून मग स्थिर राहणारं असेल तर चालेल. ब्रेक धरून ठेवेपर्यंत लुकलुकत राहणारं नको. मागच्याला तो इंडिकेटर वाटतो, आणि वाहतूक कोंडीत तो वैतागतो. भाऱ्याची ने-आण रोजची असेल तर मॉड्यूलच्या पैशांत कॅरिअरच्या टोकाला छोटी लाल एलईडी लाइट बसवून टेल-ब्रेकची वायर तिथपर्यंत वाढवा. भारा काढता-चढवताना वायर तुटू नये म्हणून मध्ये कपलर, म्हणजे ओढून सोडवता येणारा जोड, ठेवा.

पुढचे जोड-दिवे: सगळ्यात महाग, सगळ्यात बिघडवणारे

यांच्याबद्दल आमचं मत कडक आहे, कारण चुकीचे बसवलेले दिवे मालकाला दाखवण्याऐवजी लपवतात. समोरच्याच्या डोळ्यात झोत गेला की त्याला तुम्ही नव्हे, फक्त एक पांढरा गोळा दिसतो. तुमचं अंतर, वेग, तुमच्या बाजूने चालणारा माणूस, काहीच कळत नाही. आणि एकपदरी रस्त्यावर आंधळा झालेला ट्रकवाला थेट तुमच्याकडेच येत असतो.

नीट बसवले तर त्यांचं एक काम मोलाचं आहे. एकट्या हेडलाइटवरून वेग जोखता येत नाही, हे टेपच्या बाबतीत सांगितलं तेच. हेडलाइटच्या खाली, लेगगार्डवर दोन्ही टोकांना एकेक दिवा लावला की समोरून त्रिकोण दिसतो. त्रिकोण मोठा होताना दिसला की उजवीकडे वळणारा मोटारवाला थांबतो. म्हणून दिवे एकमेकांपासून जितके लांब तितके चांगले. हेडलाइटला चिकटून लावले तर सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो. पिवळे घ्या. पिवळ्याने धुकं भेदलं जातं वगैरे दुकानदाराचं बोलणं सोडून द्या. पिवळा पांढऱ्या हेडलाइटपेक्षा वेगळा दिसतो आणि डोळ्यांना कमी खुपतो, एवढं कारण पुरेसं आहे. झोत रुंद हवा, लांब मारणारा स्पॉट नको.

खोक्यावरचे वॉट कधीही खरे मानू नका. मल्टीमीटर १० अँपिअरवर लावून करंट मोजा. १२.८ व्होल्टला सव्वा अँपिअर येत असेल तर तो दिवा १६ वॉटचा, खोक्यावर १२० लिहिलेलं का असेना. दिसण्यासाठी प्रत्येकी १०-१५ वॉट भरपूर झाले. साध्या कम्युटर गाडीची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-अवरची, तिचा जीव तेवढाच. बसवल्यावर सगळे दिवे चालू ठेवून इंजिन थोडं वाढवा आणि बॅटरीवर व्होल्ट बघा, १३.५ ते १४.५ असले तर ठीक, १३ च्या खाली आले तर चार्जिंग पुरत नाहीये, दिवे काढा किंवा लहान घ्या.

झोत लावायची पद्धत: सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये योग्य हवा, स्टँड काढून माणूस सीटवर बसलेला. मागे रोज ओझं असेल तर तेही चढवून, कारण मागचा शॉक दबला की पुढचा झोत वर जातो. जमिनीपासून दिव्याची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्या उंचीची खूण करा आणि झोताचा वरचा काठ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली आणा. दिवा ६० सेंटिमीटरवर असेल तर झोत सुमारे ४५ मीटरवर जमिनीला टेकतो. नंतर नट पकडीने नव्हे, योग्य पान्याने आवळा आणि नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेल्या नटचा, वापर करा. सांगलीच्या रस्त्यांवर साधा नट महिन्यात ढिला होऊन दिवा आकाशाकडे बघू लागतो.

लुकलुकण्याचा, म्हणजे फ्लॅशचा मोड बहुतेक जोड्यांत असतो. तो वापरू नका. लुकलुकणारा दिवा नजर खेचतो खरा, पण किती लांब आहे ते कळू देत नाही. निळे-लाल चमकते दिवे तर पोलिस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे आहेत, ते दुचाकीवर लावणं गैर आहे.

वायरिंग हा शेवटचा आणि निर्णायक भाग. हेडलाइटच्या होल्डरमधून वायर ओढून देणारा माणूस दहा मिनिटांत काम उरकतो आणि पावसाळ्यात तो होल्डर वितळतो. रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतोच. बॅटरीच्या धन टोकापासून आधी फ्यूज, बॅटरीपासून एक वीतभर अंतरातच, मग रिलेची ३० नंबरची पिन; ८७ वरून दिव्यांकडे; ८६ ला स्विचमधून इग्निशन चालू झाल्यावर येणारा करंट; ८५ अर्थला. स्विचचा करंट थेट बॅटरीवरून घेतला तर रात्रभर दिवे चालू राहून सकाळी गाडी सुरू होत नाही. दोन्ही दिवे मिळून ३० वॉट असतील तर करंट अडीच अँपिअर होतो, ५ अँपिअरचा फ्यूज आणि ०.७५ ते १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. १५ चा फ्यूज टाकला की वायर जळेपर्यंत तो उडत नाही. दिव्यांची अर्थ वायर फ्रेमच्या रंगावर न कसता बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्या. मंद किंवा थरथरणाऱ्या दिव्यांमागे बहुतेक वेळा खराब अर्थच असतो. जोड थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) मारून आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून करून घ्या; काळी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून वायर ताणली जात नाही ना हे इलेक्ट्रिशियनसमोरच बघा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेसची (कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्याची) वायर कापू देऊ नका, कपलर-टू-कपलर जोडणी मागा. आणि काम झाल्यावर काढलेला मूळ बल्ब, जुना फ्लॅशर आणि ५ अँपिअरचे दोन जादा फ्यूज सीटखालच्या टूलकिटच्या पिशवीत घालूनच गाडी बाहेर काढा.